सोनचाफ्याची खबर

फुलं चोरण्यावरून मला कुणी उपदेश करू नका, मी स्वतःच धडा शिकलेय. आता ऐका. मुलुंडला आम्ही तिघी सकाळी फिरायला जातो, मी, शालन आणि कुसुम. तिघींच्या गल्ल्या वेगळ्या. कुठल्या कुंपणाबाहेर काय फुललंय ते बागेतल्या बाकावर बसून एकमेकींना सांगायचं, हा आमचा कायदा. तोटा एवढाच, की सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून आपल्या फुलांचे तीन वाटे.

म्हणून सोनचाफा सापडला तेव्हा मी गप्प बसले. बंगला बंद, झाड भरलेलं, फांदी हाताशी. चार दिवस माझा देव्हारा नुसता घमघमत होता.

पाचव्या दिवशी फांदी ओढली आणि फाटकातून काळा कुत्रा अंगावर आला. या वयात मी एवढी पळेन असं मलाच वाटलं नव्हतं. एक चप्पल तिथेच राहिली.

एका चपलेवर बाकापाशी पोचले, तर दोघी हसतायत.

"मिळाला का गं चाफा?" शालनने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"चार दिवस तुझ्या पदराला वास येतोय. या भागात चाफ्याचं झाड एकच, त्या बंगल्यातलं."

"आणि कुत्रा?"

"मालकाबरोबर गावी गेला होता. काल संध्याकाळी आले ना सगळे," कुसुम म्हणाली. "मागच्या वर्षी माझी साडी फाडली त्याने."

"मग सांगायला काय झालं होतं, भवाने?"

"झाडाचं तू सांगितलं असतंस, तर कुत्र्याचं आम्ही सांगितलं असतं."