आधी पाठ बघा तिची

हॅलो?… बोला इंद्रजितराव, कधीची फोनकडं बघत बसलेय… मुलगी? अगं बाई! अन् आमची हर्षाली?… नको, बर्फी कशाला? पेढेच वाटा. मुलगी झाली म्हणून काय झालं!

दुखत नाही म्हणते? सिझर होऊन? म्हणजे ते बधिर करायचं इंजेक्शन… हो, हो, ब्लॉकच. माझ्या सिझरला मलाही दिलेला. अहो ऐका ना, तेव्हा भुलीच्या मॅडमनी बजावलं होतं, बधिर जागेला शेक देऊ नका. मी हो हो म्हटलं अन् सोडून दिलं. आईनं गरम पाण्याची पिशवी पोटाशी ठेवली… फोड आला तरी मला पत्ता नाही. डाग आहे अजून.

आईच बसलीय जवळ?… तिला माहितीय, हो. पोटाला शेक द्यायची नाही ती… मग काय करतीय?

कंबर शेकतीय?

थांबा. इंजेक्शन कुठं दिलं हर्षालीला? माझं पोटाच्या दोन्ही बाजूंना होतं. टाके दुखायचे थांबले, आतली कळ मात्र लई यायची… काय? कुशीवर वळवून? मागून, कमरेच्या वर?… हां, तो दुसरा प्रकार. त्यानं आतली कळही कमी होऊ शकते, असं मॅडम म्हणाल्या होत्या… अहो, चांगलंच आहे! पण मग मागची बाजूही बधिर असेल ना!

नाही, आईला बोलू नका काही. तिनं माझं पोट लक्षात ठेवलं, म्हणून तर कंबर धरली…

तुम्ही कुठं आहात?… खाली, चहाला? ठेवा तो कप. जिन्यानं जा… सासूबाईंना कसं सांगू म्हणता? सांगा, ताईनं सांगितलंय. तसं माझं ती ऐकत नाही, जावयाचं ऐकेल… मी बेंबळीहून निघून पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. तुम्हीच आहात तिथं.

चढताय ना?… हे बघा, हर्षालीला ‘भाजतंय का’ असं विचारत बसू नका. ती नाहीच म्हणेल, तिला कळणारच नाही. पिशवी काढा, सिस्टरला हाक मारा, तिला कुशीवर वळवा अन् स्वतःच्या डोळ्यांनी बघा…

हॅलो?… आवाज तुटतोय… बाळ नंतर दाखवा मला. आधी पाठ बघा तिची… हॅलो?… बघितली का?…