सात नंबरची घंटा

चेक देशातल्या ब्रनो शहरात, ट्रामच्या थांब्यावर नवा लोखंडी कठडा बसवला होता. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी, समोर कठडा हलवून बघणारा इंजिनियर.

“आजी, आता मधूनच रूळ ओलांडायचे नाहीत. सिग्नलपर्यंत वळसा घालून जायचं.”

“जाईन रे. पण मग तो घंटा कशाला वाजवेल?”

“कोण?”

“सात नंबरचा ड्रायव्हर. मी रुळांवर दिसले की घंटा बडवायचा. खिडकीतून ओरडायचा, ‘म्हातारे, जीव वर आलाय का?’ रोज.”

“म्हणून तर कठडा घातला. गेल्या वर्षी इथेच एकाचा पाय गेला.”

“चांगलंच केलंत. पण माझा नवरा ओताकार गेल्यापासून मला रागावणारा तो एकटाच उरला होता.”

सात नंबर आली. घंटा न वाजवता थांबली.