उलट्या पावलांची मोट

राहीबाई : वळवू नको. रंगनाथ, बैल वळवू नको म्हन्ते ना, मोटंचा नाडा पिळवटंल.

रंगनाथ : मग मोट परत विहिरीत जाणार कशी, आई? भरून वर आली, पाटात ओतली. आता बैल फिरवून विहिरीपाशी आणायलाच पाहिजेत.

राहीबाई : आनायचं, पर फिरवून न्हाई. त्वांडं हायेत तिकडंच ऱ्हाऊ दे. उलट्या पावलांनी मागं घ्यायचं.

चांगुणा : बैल उलटे चालतात, आत्याबाई? आमच्या भिंगारला टांग्याचं घोडं मागं घ्यायचं तर चौघं लागतात.

रंगनाथ : तू हसत बस. तिकडं कांद्याच्या रोपानं माना टाकल्यात. आजचं ऊन त्याला सोसायचं नाही.

चांगुणा : हसत नाही हो. बी मीच टाकलंय ह्या हातांनी. विहिरीवरची मोटार जळाल्यापासून घशाखाली घास उतरला नाही माझ्या.

रंगनाथ : मिस्त्री म्हणतो, आठवडा लागेल. मागं, हरण्या. मागं. हा पाखऱ्या तर पुढंच ओढतोय.

राहीबाई : त्याला काय ठावं? मोटार आली तवा त्यो जल्मला बी नव्हता. तुज्यावानीच, बटनावर वाढल्याला.

रंगनाथ : बरं, वाढलो बटनावर. मग तू दाखव.

राहीबाई : मला कुठं येतंय? मोट हाकायचे तुजे आबा. मी खाली वाफ्यात पानी वळवायची. माजी पाठच असायची मोटंकडं.

रंगनाथ : म्हणजे आता घरात कुणालाच येत नाही.

राहीबाई : हरण्याला येतंय की.

रंगनाथ : ह्या म्हाताऱ्याला? हा तर नुसता वैरण खातो आणि झोपतो.

राहीबाई : काम न्हाई दिलं त्याला, म्हनून झोपतो. कासरा ढिला सोड, अन् म्हन.

रंगनाथ : काय म्हणू?

राहीबाई : आबा म्हनायचे ते. वाफ्यात ऐकू यायचं मला. ‘मागं ये रं लेकरा, मागं ये, हिरीच्या गालाला हात लावून ये.’

रंगनाथ : मी गाणं म्हणू? वाटेनं माणसं जाताहेत.

चांगुणा : ट्रान्झिस्टर आणून ठेवू का पुढ्यात? मोटार चालू केली की त्यालाच गायला लावता रोज.

राहीबाई : तू गप गं. रंगनाथ, आबांचा आवाज म्हंजी फुटका पत्रा. पर लाजले न्हाईत कवा. तुला मोटंला हात लावू दिला न्हाई, तुजी शाळा बुडंल म्हनून. मोटार आली तवा गावात पेढं वाटलं त्यांनी. म्हनले, पोराची पाठ वाचली. मोटार आली ते बरंच झालं. पर आज न्हाई ना ती. म्हन.

रंगनाथ : मागं ये रं लेकरा...

राहीबाई : पुटपुटू नको. तुला न्हाई ऐकायचं, बैलाला ऐकायचंय.

रंगनाथ : मागं ये रं लेकरा, मागं ये, हिरीच्या गालाला हात लावून ये.

चांगुणा : अहो, कान बघा त्याचे. मागं वळवलेत.

रंगनाथ : पाय उचलला, आई. येतोय. पाखऱ्यालाही संगं रेटत आणतोय.

राहीबाई : मग बोलत काय बसलास? थांबलास की त्यो बी थांबतो.

रंगनाथ : पुढची ओळ काय?

राहीबाई : पुढची रोज निराळी. मनानं जुळवायचे. कवा आभाळाला शिव्या, कवा माज्या भाकरीला नावं.

रंगनाथ : मला नाही सुचत असलं काही.

राहीबाई : हरण्या अडलाय बघ निम्म्यात.

रंगनाथ : मागं ये रं म्हाताऱ्या, मागं ये... रोपाची धनीन उपाशी हाय, मागं ये.

(खाली विहिरीत मोट पाण्यावर आदळते.)

चांगुणा : आत्याबाई, ऐकलंत का हे काय म्हणाले?

राहीबाई : ऐकलं. तू वाफ्यात जा आता. पाठ मोटंकडं कर, अन् कान हिकडं ठिव.