आत्यानं ओळखलेली उलटी बाजू

तुम्ही हसाल, पण माझा पीएचडीचा अर्धा शोध आमच्या आत्यानं कपभर चहा पिता पिता उडवला.

मी हिमालयातल्या स्पितीतून आणलेले कार्बोनिफेरस काळातले, म्हणजे तीसेक कोटी वर्षांपूर्वीचे, ब्रायोझोआ ओळखून राह्यली होती. ब्रायोझोआ म्हणजे समुद्रातले इवलेसे जीव. दगडात त्यांच्या घरांची जाळी तेवढी उरते. दोन दगडांवर मले दोन जाळ्या दिसल्या. एकीच्या धाग्यांवर बारीक छिद्रांच्या रांगा, दुसरीचे धागे साफ गुळगुळीत. दोन्हींची कुठंच नोंद नाही. दोन नव्या प्रजाती! मी यवतमाळच्या घरात नाचली अन् नागपूरच्या माझ्या गाइड सरांना फोटो पाठवून दिले.

तेवढ्यात कळंबची आत्या आली. ती जन्मभर क्रोशाचे रुमाल विणते. फोटो पाहून म्हणाली, "एकच रुमाल दोनदा कायले दाखवून राह्यली वं?"

"आत्या, हे वेगळे आहेत."

"कायचे वेगळे? ही सुलटी, ही उलटी. इथं एक घर चुकलं, तिथंही तेच चुकलं. फक्त डाव्याचं उजवीकडे गेलं."

मी दोन्ही दगड एकमेकांवर ठेवले. डब्यावर झाकण बसावं तसे बसले! दगड फोडताना माझ्याच हातोडीनं जाळी मधोमध चिरली होती. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

भीत भीत सरांना फोन केला. "सर, दोन नाही, एकच आहे. आत्यानं पकडलं."

"पण ती एक तर नवीन आहे ना?"

"हो सर!"

"मग झकास. फक्त माझ्या तीन प्रजाती छापून झाल्यात. त्या आत्याबाईंना दाखवू नकोस."