हातभर डावीकडे

...नाई जी, घाई नका करू. नळी थंडी होऊ द्या आधी. बसा त्या पोत्यावर — रेतीचंच आहे, पॅन्ट झटकली का झालं. एका गोळीवरून मी काय सांगू तुमाले, गिरिधरभाऊ? मधात लागली म्हनता — हो, दिसून राहिली मले बी, काजळाच्या गोलात, बरोबर मधात. लागते. पहिली कधी कधी लागते तशी. नळीत तेल असते, ओल असते, पहिली गोळी आपल्या मनानं जाते. मी तीन टाकतो. चाळीस पावलांवरून तीन, मंग तोंड उघडतो. कन्हानच्या या रेतीवर मी किती बंदुका पाहिल्या, त्याची गिनती मले नाई — मले गिनतीच कुठं येते तशी — पन तीन टाकल्याबिगर माशीले हात लावला नाई कधी. माशी म्हनजे हे, नळीच्या तोंडावरचा हा पितळेचा दाना. हा पुढं, अन् मागं ही खाच. खाचेच्या मधात माशी अन् माशीवर जनावर, बस, एवढीच विद्या आहे पाहा माझी.

रायफलीची गोष्ट अलग. तिच्या नळीत पेच असतात, गोळी फिरत जाते, सरळ जाते. ही बारा बोराची नळी आतून कशी — बांबूच्या पोंगळीवानी गुळगुळीत. छर्र्यासाठी केलेली. तिच्यातून चितळासाठी एकटी गोळी काढायची म्हनजे बंदूक आपली आदत दाखवते. कोनी उंच फेकते, कोनी उजवीकडे. अन् ही तुमच्या वडलायची, विश्वनाथबापूची, ही हातभर डावीकडे ओढते. मीच सांगतलं ना तसं ठानेदाराले. माझा अंगठा आहे त्या कागदावर. तीन सालं मालखान्यात पडून होती, आता कोर्टानं सोडली, अन् तुमी पहिले माझ्याकडे घेऊन आले, हे लय चांगलं केलं. काहून का उद्या तुमी गणपतरावासंगंच चालले, पारशिवनीकडे, परमीट निघालं म्हनता. वडलायचे दोस्त, ठेक्यातले भागीदार, आता तुमाले बी घेऊन जातात — मानूस मनाचा मोठा आहे. ओढनारी बंदूक घेऊन जंगलात गेलं तर काय होते, ते तुमच्या घराले मी नवीन सांगावं काय? त्या दिवशी हीच बंदूक गणपतरावाच्या हाती होती, चितळावर धरली होती त्यायनं. गोळी हातभर डावीकडे गेली. तिकडं झुडपात तुमचे वडील बसलेले. बंदुकीची चूक. मानसाची नाई. मी तर हाकेवाल्यायसंगं होतो, हाका करून जनावर उठवनाऱ्यायसंगं, पार मागं, नाल्याच्या पल्याड — मले फक्त आवाज आला.

कान झाका. दुसरी टाकतो.

...पाहून या बरं. माझे डोये आता दूरचं खोटं बोलतात... काय म्हनता? पहिलीच्या बाजूले? किती? — दोन बोटं. दोनच. हंऽ. डावीकडे दोन बोटं का उजवीकडे? — उजवीकडे. असं. नाई, मी काई म्हनून नाई राहिलो, मी आपला विचार करून राहिलो. काडतुसं नवीन आहेत ना जी तुमची, त्याच्यानं असंल. तवाची काडतुसं जुनी होती, दारू बसलेली. अन् आज हवा बी पडली आहे. असं पाहू नका माझ्याकडे, तुमच्या आजीच्या सारखे डोये आहेत तुमचे, मले तिचा लहानपनापासून धाक. ओढंन जी. तिसरी ओढंन पाहा. तुमीच टाका तिसरी. या, इथं बसा. उद्या तुमालेच टाकायची आहे, मंग आजच हात बसू द्या.

कुंदा, हा मागचा लाकडी भाग, खांद्यात दाबा. खांद्यावर नाई, खांद्यात. आता गाल. गाल टेकवायचा लाकडावर, दाबायचा नाई, झोपलेल्या लेकराच्या गालावर आपला गाल ठेवतो ना, तसा. एक डोया मिटा. खाच, माशी, मंग गोल. दम घ्या... अर्धा सोडा... थांबा. थांबता आलं पाहिजे, तीच खरी गोष्ट. नवा मानूस घाई करतो. अन् गणपतरावाचं पाहा, त्यायच्यासारखा थांबनारा मी पाहिला नाई. असाच गाल टेकवला, अर्धा दम सोडला, अन् थांबले... इतके थांबले का मीच दम धरून बसलो बाजूले, म्हनलं मालक आता काय पाहून राहिले, हाका तर अजून उठलाच नाई, अन् मंग बोट असं हळूच —

...

टाका ना जी. काहून थांबले? टाका.

...बरं झालं. लागली. नाई, पाहायले जाऊ नका, मी इथूनच सांगतो लागली. आना ती बंदूक इकडं. माशी जरा सरकवून देतो — पितळेचा खिया ठेवायचा अन् हातोडीनं दोन टिचक्या, बस. काहून म्हनजे? तुमाले बरं पडंल उद्या. जराशी सरकू द्या... हात काहून ठेवला जी? गोळी मधात जाऊन राहिली, मंग सरकवता काहून, असं म्हनता? हो. बरोबर आहे. मधात जाऊन राहिली. तिन्ही मधात. तळहाताखाली झाकतील तिन्ही. मी कधी बी पाहिली तवा ही मधातच जात होती. त्या शिकारीच्या चार दिवस आधी मीच इथं बसून टाकल्या होत्या, विश्वनाथबापू तुमच्याच जागी बसून चना खाऊन राहिले होते, म्हनत होते, धोंडबा, लग्नातल्या नवरदेवासारखी सरळ चालते रे ही.

नाई गा पोरा, माझ्याकडे असं नको पाहू. बस. आयकून घे. मी बाजूले होतो, हो. हाकेवाल्यायसंगं नव्हतो. चितळ नव्हतं. हाका उठलाच नव्हता तर चितळ येईन कुठून? तुझा बाप झुडपातून उठला, पाठीची कळ काढायले उठला असंल, डोक्याले पांढरा दुपट्टा होता — सकाळ चांगली वर आली होती, मले दुपट्ट्याची किनार दिसून राहिली होती. दोघायचं कूपाच्या, जंगलातल्या लाकूडतोडीच्या ठेक्यावरून वाजलं होतं, मयनाभर बोलनं नव्हतं, अन् शिकारीत संगं आले म्हनून मलेच आनंद झाला होता, का चाला, मिटलं. संध्याकाळी गणपतराव माझ्या झोपडीत आले. माझे पाय धरले रे त्यायनं. एवढ्या मोठ्या मानसानं माझे पाय. म्हने, धोंडबा, एक गेला, आता दुसऱ्याले फासावर नको पाठवू. बंदूक ओढते, एवढंच सांग. बंदुकीचा तूच जानता, तुझंच मानतील. मी म्हनलं बंदुकीले काय, तिले थोडीच फाशी होते. दोन घरं बुडन्यापरीस एक बुडू द्या. मले हे तवा लय शहानपनाचं वाटलं. कोनाले दुखवावं असं मी आयुष्यात केलं नाई, अन् पाह्य काय करून बसलो.

आता आपन दोघं ठान्यात जाऊ. आत्ता, याच पायी. पहिला अंगठा खोटा होता म्हनून सांगतो, दुसरा लावतो. मले कोंडतील तर कोंडू दे, तिथं बी भाकर भेटते. अन् उद्याचं जंगल राहू दे. गणपतरावाले निरोप पाठव, ताप आला म्हन. तू लेकरू आहेस, तुझ्या मायले आता तूच —

उठला काहून? बंदूक ठेव ना. ठान्यात बंदूक कायले पाहिजे? हे घे, काठी घे माझी, रेतीत पाय फसतात. अरे, काडतूस काहून टाकून राहिला आत? तीन झाले, काम झालं आपलं. गिरिधरभाऊ! उद्या जायचं होतं ना तुमाले, चितळासाठी? उद्याची गोष्ट उद्या करू जी. थांबा, मी येतो, मले तुमच्यावानी चालता नाई येत, थांबा गा...

तिकडं नाई जी. जंगल या बाजूले आहे. तिकडं तर गणपतरावाचं घर.

गिरिधरभाऊ... जंगल या बाजूले आहे.