पी शून्य एक शून्य दोन

"पी शून्य एक शून्य दोन."

"टोकन नंबर अकरा!"

"चढाला उचलतच न्हाई."

"थेंब घातल्यावर डोळे मिटूनच ठेवा."

पहिला आकडा कौमुदीला चष्म्याचा नंबर वाटला. तळेगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्या शेजारी पवनानगरचे अंबाजी आणि त्यांची बायको बयाबाई बसले होते; अंबाजी बायकोला समजावत होते.

"अगं, इंजिनच्या बिघाडाचा नंबर हाय त्यो. जावयानं दिलेलं यंत्र गाडीला लावलं, आन् नातीनं, कोमलनं, मोबाइलवर वाचून दाखवला."

"मंग पुसून टाका की."

"तीनदा पुसला. गाडी चालू केली की परत हजर!"

"जुनी झाली गाडी. म्हातारपन तिलाबी हाय."

"जावई म्हनतो, हवेच्या पाइपावरची वायर सुटली असंल."

"मंग? बघितली का?"

"बॉनेट उघडून चांगली निरखून बघितली. लागलेली हाय."

"नीट दिसली नव्हं?"

"माझे डोळे काय गेलेत व्हय? तू मागं लागलीस म्हनून आलो हितं, ते बी यष्टीनं."

"टोकन नंबर बारा!"

भिंतीला हात लावत अंबाजी आत गेले. बयाबाई कौमुदीकडे वळल्या.

"ताई, गाडी चालवू नका म्हनून डॉक्टर सांगतील ना त्यास्नी?"

"तपासल्यावर सांगतील, मावशी."

"आन् न्हाई सांगितलं तर? ती वायर किती दिस काढून ठेवू मी?"

गेल्या शुक्रवारी अंगणात गाडी सुरू करताना, अगदी समोर उभी असलेली नात अंबाजींना दिसली नव्हती.