छतापासून हातभर खाली

वसतिगृहाच्या प्रवेशाच्या रांगेत ती एकटीच आली होती. पुढे मायलेकी उभ्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे तिलाही कळत होतं, पण कानांना काय झाकण असतं?

“आई, मी एकटीची खोली घेणार. उगाच कुणाची कटकट नको.”

“घे बाई. आमच्या वेळी इथे धड खोल्या तरी कुठे होत्या! एका लांबलचक दालनात मध्ये मध्ये भिंती घातलेल्या, त्याही छतापासून हातभर खालीच थांबलेल्या.”

“का? विटा संपल्या?”

“आमची कुजबुज रेक्टरबाईंना ऐकू जावी म्हणून.”

“शी! किती त्रास!”

“त्रासच. पण एक नवी मुलगी उशीत तोंड खुपसून रडायची, तर पलीकडून भिंतीवरून शाल येऊन पडली. मग बिस्किटांचा पुडा. शेवटी पलीकडचीच चढून आली.”

“रडणारी कोण होती?”

“पुढे सरक. रांग हलली.”

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “एकटीची की दोघींची?”

लेकीने आईकडे एकदा बघितलं आणि खिडकीतल्या बाईंनाच विचारलं,

“आता भिंती छतापर्यंत आहेत का हो?”

“म्हणजे काय! एकदम पक्क्या.”

“मग दोघींची द्या.”